मोटरची बाबागाडी आणि हातांच्या चार जोड्या

दादाने मला एवढंच विचारलं होतं, "तू फिजिओ आहेस, तूच सांग. मोटरची बाबागाडी घेऊ की नको?" मी म्हणाले, "नको." भाची तेव्हा आठ महिन्यांची होती, वजन साडेआठ किलो. एवढ्याशा पोरीला ढकलायला मोटर कशाला लागते, हे माझं म्हणणं. त्याने ते ऐकून घेतलं आणि गाडी मागवली. पुढचे आठ महिने मी त्या घरी आठवड्यातून दोनतीनदा जात राहिले, कधी आत्या म्हणून, कधी आईचे गुडघे बघायला, आणि बरेचदा नुसत्या आगाऊपणाने, वही घेऊन. हे प्रकरण त्या वहीतलं आहे. गाडीच्या कंपनीचं नाव देत नाही. कारण जे घडलं त्यातलं बरंचसं कुठल्याही अशा गाडीबाबत घडू शकतं, आणि उरलेलं आमच्याच घरात घडू शकतं.

घर, रस्ता, माणसं

घरात चार मोठी माणसं: दादा, वहिनी, आई आणि बाबा. दादा-वहिनी दोघं नोकरी करणारी. पाळणाघर घरापासून साधारण अकराशे मीटरवर. त्यातला तीनशे मीटरचा तुकडा सरळ चढाचा. फोन रस्त्यावर आडवा ठेवून कोन मोजला तर पाच अंशांच्या आसपास भरला, म्हणजे शंभर मीटर चाललं की जवळजवळ नऊ मीटर वर. चालताना विशेष वाटत नाही. गाडी ढकलताना वाटतो. इमारतीला लिफ्ट आहे, पण फाटकापासून लिफ्टपर्यंत आठ पायऱ्या आहेत आणि त्यांना रॅम्प नाही. या आठ पायऱ्यांचा विचार गाडी घेताना कुणीही केला नव्हता. मीसुद्धा नाही.

माणसांच्या शरीराचा हिशोब असा. वहिनीचा उजवा अंगठा बाळंतपणानंतर दुखायला लागला होता. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला कळ यायची, बाळाला काखेत हात घालून उचललं की जास्त. याला डी क्वेर्व्हेनचं दुखणं म्हणतात. अंगठा बाहेर ताणणाऱ्या दोन कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) ज्या नळीतून जातात ती नळी जाड होते. बाळ सांभाळणाऱ्यांत हे इतकं नेहमीचं आहे की मी रोगी दारातून आत येताना हात कसा धरते ते बघूनच ओळखते. आईला दोन्ही गुडघ्यांची झीज. चढापेक्षा उतार तिला जड जातो, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीर पुढे पडू न देता सावकाश सोडत न्यावं लागतं आणि तो सगळा भार गुडघ्याच्या वाटीमागे येतो. बाबा तब्येतीने ठणठणीत, पण कानाने कमी. दादाला काहीच होत नव्हतं. म्हणून त्याला आधीच्या साध्या गाडीत काही अडचण दिसतच नव्हती, आणि गंमत म्हणजे मोटरची गाडी घ्यायची घाईही त्यालाच.

गाडी काय करते

या गाड्यांची जात आता नवीन राहिलेली नाही. बॉशने २०१९ मध्ये स्वीडनच्या एमालयुंगा कंपनीबरोबर अशी यंत्रणा जाहीर केली होती: मागच्या आसाला दोन मोटर, १८ व्होल्टची काढता येणारी बॅटरी, हात सुटला की आपोआप ब्रेक. सायबेक्स कंपनीच्या ई-प्रायाम या गाडीतही चढाला जोर, उताराला आवर आणि जागच्या जागी झुलवणं आहे. आमच्या घरातली गाडी वेगळ्या कंपनीची, पण घडण याच धर्तीची. दांड्यात दाब ओळखणारे सेन्सर असतात. तुम्ही पुढे रेटलं की ते किती रेटलं हे मोजतात आणि मोटर त्या प्रमाणात भर घालते. तुम्ही मागे ओढून धरलं की मोटर आवरून धरते. हात काढला की थांबते.

म्हणजे ती स्वतः चालत नाही. हे सांगायला हवं, कारण शेजारपाजारचे लोक पहिल्या दिवसापासून "आपोआप चालणारी गाडी" बघायला येत होते. २०२३ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात ग्लक्सकाइंड या कॅनडातल्या कंपनीने एला नावाची गाडी दाखवली. ती स्वतः चालते खरी, पण आत बाळ नसताना, म्हणजे बाळ तुमच्या कडेवर आहे आणि रिकामी गाडी पुढे चालली आहे अशा वेळी. बाळ आत बसलं की एलाही माणसाच्या हाताचीच वाट बघते. मला हा त्या गाडीतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

"स्मार्ट" या शब्दाचा अर्थ आमच्या घरात हळूहळू असा ठरला: गाडी हाताचं ऐकते. पुढे जे जे बिघडलं ते सगळं या एका वाक्यातून निघालं, कारण हात चार जणांचे होते आणि प्रत्येकाचा हात वेगळं बोलत होता.

काटा लावून पाहिलं

पहिल्या आठवड्यात मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता वजनकाटा नेला. दांड्याच्या मधोमध पट्टा बांधला, काटा अडकवला आणि चढावर पुढून सावकाश ओढत नेली. दादा बाजूने चालत होता, बाबा मागे हात पसरून. भाची आत बसून माझ्याकडे अशी बघत होती की आत्याला एकदाचं काहीतरी झालेलं आहे.

नवी गाडी बॅटरीसकट साडेचौदा किलो. भाची साडेआठ. खालच्या जाळीत डबे, कपडे, पाणी धरून साडेतीन. एकूण साडेसव्वीस. मोटर बंद ठेवली तर काटा तीन किलोच्या आसपास. मोटर चालू केली तर एक किलो, कधी त्याहून कमी. मग जुनी साधी गाडी आणली, सात किलोची. तीच पोर, तेच सामान. काटा सव्वादोन ते अडीच.

हे आकडे नीट वाचले तर त्यात दोन गोष्टी आहेत. मोटर चालू असताना काम निम्म्याहून कमी होतं, हे खरं. पण मोटर बंद पडली की नवी गाडी जुनीपेक्षा जड जाते, कारण मोटर आणि बॅटरी स्वतःच सामान होऊन बसतात. आणि जुन्या गाडीचे सव्वादोन-अडीच किलोसुद्धा निरोगी माणसाला काही नव्हेत. म्हणून दादाला मी चढावर म्हटलं, "बघ, तुला याची गरज नाही." तो म्हणाला, "मला नाहीच. मी म्हटलं का मला आहे म्हणून?" तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याने गाडी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. माझा नकार चुकीच्या माणसाच्या शरीरावर बेतलेला होता.

वजनाबद्दल आणखी एक. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लॅरन या विमान अभियंत्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी काढली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला माणूस. ती गाडी पावणेतीन किलोच्या जवळपास होती, एका हातात धरून जिना चढता येईल अशी. साठ वर्षांनी आपण त्याच्या पाचपट वजनाची गाडी घेतो आणि मग ते वजन ओढायला मोटर बसवतो. मी हे दादाला ऐकवलं. त्याने "हो का" म्हणून विषय बदलला.

आईचा हात

पहिले दहाबारा दिवस आईने गाडीला हात लावला नाही. मग एके दुपारी पाळणाघरातून फोन आला, पोरीला ताप, घेऊन जा. वहिनी आणि दादा दोघंही लांब. बाबा बाहेर गेलेले. आई एकटीच रिकामी गाडी घेऊन चढ चढली आणि भाचीला घेऊन उतरली. संध्याकाळी मला फोन. "अगं, उतरताना मला कोणीतरी मागून पदर धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. गुडघा बोललाच नाही." जुन्या गाडीत उतारावर तिला गाडी आवरावी लागायची आणि स्वतःला सांभाळावं लागायचं, दोन्ही एकाच वेळी, एकाच गुडघ्यावर. नव्या गाडीत गाडी स्वतःला सांभाळत होती.

कंपन्या जाहिरातीत चढ दाखवतात. आमच्या घरात गाडीने खरी किंमत वसूल केली ती उतारावर.

त्यानंतर आई रोज दुपारी आणायला जाऊ लागली. आणि दोन आठवड्यांनी तिचे खांदे दुखायला लागले. मी एक दिवस सोबत चालले. चढाच्या वरच्या टोकाला ती थकली होती. माणूस थकला की समोरच्या दांड्यावर थोडा रेलतो, आपण सगळेच करतो, सामानाच्या ट्रॉलीवर कोपरं टेकून चालतो तसं. ती रेलली की तिच्या अंगाचा थोडा भार पुढच्या दिशेला जायचा. सेन्सरला तो रेटा वाटायचा. गाडी पुढे सरकायची. आई मागे राहायची, हात ताणले जायचे, मग ती घाईने दोन पावलं टाकून गाडी गाठायची आणि पुन्हा रेलायची. मी मागून बघत होते तर ते एखाद्या दांडगट वासरामागे ओढलं जाण्यासारखं दिसत होतं.

थकलेला हात आणि ढकलणारा हात यांतला फरक त्या गाडीला कळत नाही. तिला फक्त दाब कळतो.

शिवाय दांडा मागच्या चाकांच्या मागे असतो. त्यावर खाली भार दिला की पुढची चाकं हलकी होतात. बाबागाडी म्हणजे वॉकर नव्हे, हे मी रोग्यांना दहा वेळा सांगितलेलं आहे. स्वतःच्या आईला सांगायचं राहून गेलं होतं.

दांड्याची उंची बघितली तर ती दादाच्या मापाची. दादा पाच फूट दहा, आई जेमतेम पाच. तिचे खांदे कानाकडे उचललेले, मनगटं वर मुडपलेली. अशा हाताने सरळ पुढे रेटताच येत नाही, तो रेटा तिरका खाली किंवा वर जातो. दांडा दोन खाचा खाली घेतला, कोपर शरीराजवळ थोडं वाकलेलं राहील असा. त्या खाचेला लाल पट्टी चिकटवली, वहिनीच्या खाचेला निळी. दादाच्या खाचेला काही नाही, त्याला लागत नाही असं तो म्हणाला, आणि मग तेव्हापासून रोज सकाळी आईच्या खाचेवरच गाडी ढकलत वाकून चालत राहिला. चढाच्या मध्यावर एक कट्टा आहे. तिथे बसायचं, पायाने ब्रेक दाबून, असं आईशी ठरवलं. रेलायचं तर कट्ट्यावर, गाडीवर नाही. खांदे तीन आठवड्यांत शांत झाले.

वहिनीच्या अंगठ्याची गोष्ट एवढी सरळ नाही. ढकलताना मूठ घट्ट करावी लागत नाही, तळवा टेकवला तरी पुरतं, त्यामुळे रस्त्यात तिला आराम पडला. पण तिचं दुखणं मुळात ढकलण्याचं नव्हतंच, उचलण्याचं होतं. आणि साडेचौदा किलोची गाडी मिटून कारच्या डिकीत टाकताना तिने तोच अंगठा पुन्हा एकदा भडकवला. त्याला अंगठ्याला टेकू बांधणं आणि बाळाला तळव्यांवर ओंजळीसारखं उचलायची सवय लावणं यांनी गुण आला. गाडीला त्याचं श्रेय द्यायला मी तयार नाही.

बाबांनी दिवा घालवला

हा भाग बाबांच्या परवानगीने लिहिते आहे.

बाबा सकाळी कधीकधी पोरीला फिरवून आणत. हात सोडला की गाडी थांबते हे त्यांना पहिल्याच दिवशी फार आवडलं होतं. खाली पडलेली टोपी उचलायची, चष्मा पुसायचा, हात सोडायचा, गाडी उभी. पायाशी ब्रेकची पट्टी आहे, ती खाली दाबली की मागची चाकं दातऱ्यात अडकतात. ती पट्टी बाबांनी तीन आठवड्यांत एकदाही दाबली नव्हती. गरजच पडली नव्हती ना.

त्या दिवशी चढाच्या मध्याच्या थोडं वर त्यांना ओळखीचे गृहस्थ भेटले. बोलणं लांबणार असं दिसलं. बाबांनी हात काढला, गाडी थांबली. मग त्यांनी दांड्यावरचं बटण दाबून मोटर बंद केली. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणारा माणूस. बॅटरी का जाळायची उगाच?

मोटर बंद झाली, तिचा आवर सुटला, आणि गाडी उताराला लागली.

बाबांना ऐकू कमी येतं, पण समोरच्या गृहस्थांचा चेहरा त्यांनी पाहिला. वळले तेव्हा गाडी दीडदोन पावलं गेली होती आणि तोंड फुटपाथकडे वळलं होतं. पुढचं चाक फुटपाथच्या कडेला तिरकं आपटून थांबलं. भाची पाचही पट्ट्यांनी बांधलेली होती. ती दचकली, रडली नाही. बाबांनी मनगटाचा पट्टा घातलेला नव्हता. तो दांड्याला छान गुंडाळून ठेवलेला होता, लोंबकळू नये म्हणून.

त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मला बाल्कनीत बोलावून म्हणाले, "मी दिवा बंद करतो ना, तशी बंद केली गं." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "बाबा, आता तुम्ही हे सगळ्यांना सांगायचं." त्यांनी रात्री जेवताना सांगितलं. वहिनी उठून आत गेली आणि पोरीच्या खोलीत थोडा वेळ बसून आली. बाबांना ती एक शब्द बोलली नाही.

नंतर मी कागदावर मांडून पाहिलं. पाच अंशांच्या उतारावर, चाकांचं घर्षण वजा करूनही, मोकळी सुटलेली गाडी तीन सेकंदांत तीनएक मीटर जाते आणि तेव्हा तिचा वेग आपल्या चालण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. म्हणजे चौथ्या सेकंदाला तिला गाठायला पळावं लागतं. सत्तरीच्या माणसाने.

चूक कुणाची? बाबांची आहेच. पण ज्या गाडीने तीन आठवडे त्यांना शिकवलं की हात सोडला तरी चालतं, तिनेच ही सवय लावली. मोटरचं धरून ठेवणं आणि दातऱ्यांचं अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटर वीज असेपर्यंत धरते. बंद मोटरच्या तारा आतल्या आत जोडून ठेवलेल्या असल्या तरी ती फक्त सावकाश सोडते, पूर्ण धरत नाही, कारण तिचा विरोध चाक फिरायला लागल्यावरच तयार होतो. आमच्या गाडीत तेवढाही आवर जाणवला नाही. पायातला ब्रेक मात्र विजेला विचारत नाही. दोन्हींना आपण "ब्रेक" हाच शब्द वापरतो आणि इथेच घात होतो. ब्रेक लागलेला नसताना बटण बंदच होऊ नये, अशी सोय कंपनीला सहज करता आली असती. आमच्या गाडीत ती नव्हती. दादाने कंपनीला लिहिलं. आभाराचं उत्तर आलं.

घरात नियम झाला: आधी पाय, मग बटण. ब्रेकच्या पट्टीला दादाने भडक नारिंगी रंग दिला, उभ्या माणसाला वरून दिसेल असा. मनगटाचा पट्टा बाबांच्या मापाने आखूड केला. आणि बाबांनी स्वतः आणखी एक नियम घातला, उतारावर गप्पा मारायच्या नाहीत. तो सगळ्यात कडक पाळला जातो.

पिशवी, छत्री, फोन

छोट्या गोष्टी भराभर सांगते. दांड्याला लटकवलेली पिशवी ही साध्या गाडीतही वाईट, बाळ उचललं की गाडी मागे उलटते. मोटरच्या गाडीत तिचा वेगळा त्रास. उतारावर लटकती पिशवी दांड्याला पुढे ओढते, सेन्सरला तो कुणाचा तरी हात वाटतो. चार किलोची पिशवी पाच अंशांच्या उतारावर एक तृतीयांश किलोचा रेटा देते, तोही झुलत झुलत. वहिनीला गाडी "पिसाळल्यासारखी" वाटली ती याने. सामान आता फक्त खालच्या जाळीत.

छत्री धरली की एकच हात उरतो. तो दांड्याच्या टोकाला धरला तर गाडी तिरकी जाते. मधोमध धरायचा.

अ‍ॅप दादाच्या फोनमध्ये. दादा ऑफिसात. त्यामुळे बॅटरी किती उरली हे ज्या एका माणसाला कळत होतं तो गाडीपासून सगळ्यात लांब बसलेला असायचा. चोरीचा गजरही त्याच फोनवर, आणि तोही ब्लूटूथवर, म्हणजे फोन जवळ असेल तरच. बरं, दांड्यावरची बटणं अ‍ॅपशिवाय चालतात म्हणून निभावलं. महिन्याभरात अ‍ॅपकडे कुणी बघेनासं झालं.

झोप

झुलवण्याची सोय हा मात्र घरात खरा वादाचा विषय झाला. सपाट जागी गाडी उभी करून बटण दाबलं की ती हातभर पुढे, हातभर मागे होत राहते. भाची पाच मिनिटांत झोपायची. साध्या पाळण्यात वीस मिनिटं लागायची. वेळ दिसतो, त्यामुळे मोह होतो. दुसऱ्या महिन्यात दुपारची प्रत्येक झोप बैठकीतल्या गाडीत होऊ लागली, कधी दीड-दोन तास, पाठ अर्धवट टेकलेली, मान एका बाजूला.

इथे मी ठाम होते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की कारची सीट, बाबागाडी, झोका अशा बसत्या साधनांत बाळाला नेहमीची झोप घेऊ देऊ नये, चार महिन्यांच्या आतल्या बाळांना तर विशेषच, कारण मान पुढे पडून श्वासाची वाट अडू शकते. चालताना डोळा लागला तर लागू दे, घरी आलं की सपाट, टणक गादीवर पाठीवर ठेवायचं. भाची नऊ-दहा महिन्यांची होती, मान धरत होती, त्यामुळे मी कुणाला घाबरवलं नाही. पण मला दुसरीही गोष्ट खटकत होती. रात्री तीनला उठली की तीही झुलायलाच मागायची.

वहिनी म्हणाली, "तुझं बरोबर आहे, पण दुपारची ती दोन तासांची शांतता मला लागते." ते खरं होतं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आईने तोड काढली. झोप लागेपर्यंत गाडी, लागली की उचलून गादीवर. सुरुवातीला दोनातून एकदा जाग यायची. पंधरा दिवसांनी चारातून एकदा. मग घरात झुलवणं बंदच झालं, ठरवून नाही, आपसूक.

बॅटरी आणि आठ पायऱ्या

बॅटरी पन्नास वॉट-तासांच्या (तिच्यात मावणाऱ्या विजेचं माप) आसपासची. साडेसव्वीस किलो त्या तीनशे मीटरच्या चढाने सव्वीस मीटर वर चढवायला पदार्थविज्ञान मागतं ते जेमतेम दोन वॉट-तास. पण छोट्या मोटरमध्ये, गिअरमध्ये, चाकांत अर्ध्याहून अधिक वाया जातं, म्हणून चढाच्या एका फेरीला चार-पाच. रोज दोन फेऱ्या, शिवाय सपाट रस्ता. चार दिवसांनी चार्जिंग. कंपनीच्या पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा याच्या कितीतरी पुढचा होता, तो सपाट रस्त्याचा असणार. थंडीत तिसऱ्याच दिवशी दिवा लाल व्हायचा, लिथियम बॅटरी गारठली की कमी देते. शून्याच्या खाली तर ती चार्जही करू नये. चार्जिंग घरात, कंपनीच्याच चार्जरने, दारापासून आणि पलंगापासून लांब, कुणी जागं असताना. एकदा घरचे विमानाने गेले तेव्हा बॅटरी काढून हातातल्या बॅगेत न्यावी लागली. शंभर वॉट-तासांच्या आतली म्हणून हरकत आली नाही.

आणि त्या आठ पायऱ्या. गाडी बाळासकट दोघांनी उचलायची हा दादाचा सुरुवातीचा मार्ग मी पहिल्याच दिवशी बंद केला. तेवीस किलो, दोन वेगळ्या उंचीची माणसं, आत पोर. एकाचा पाय घसरला की संपलं. मग पोर कडेवर, गाडी एकाने उचलायची. वहिनीला जमत नाही, आईला तर अजिबातच नाही. शेवटी गाडी फाटकाजवळच्या छपराखाली साखळीने बांधून ठेवायची आणि फक्त बॅटरी वर न्यायची, असं ठरलं. म्हणजे जी गाडी आईला एकटीने बाहेर पडता यावं म्हणून ठरली, ती आईच्या हातात येते फाटकाच्या बाहेर, आणि पहिल्या आठ पायऱ्या आई पोरीला कडेवर घेऊन, कठडा धरून, एकेक उतरते. गुडघा तिथे बोलतो. सोसायटीला रॅम्पसाठी अर्ज दिला आहे.

सध्या

आता भाची सोळा महिन्यांची आहे आणि दहा किलोंच्या पुढे गेली आहे. कुणी विचारलं की गाडी कामाची ठरली का, तर दादा हो म्हणतो, वहिनी "उतारापुरती" म्हणते. मी वहीत आईच्या फेऱ्या मोजल्या आहेत. गाडी येण्याआधीच्या दोन महिन्यांत ती पोरीला घेऊन एकटी एकदाही बाहेर पडली नव्हती. गेल्या दोन महिन्यांत एकतीस वेळा.

भाची चालायला लागल्यापासून तिला गाडीत बसायचं नसतं, ढकलायची असते. दांड्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. ती मागच्या नळीला दोन्ही हात लावून जोर काढते. दांड्यावर हात नाही, म्हणजे गाडीच्या मते कुणीच नाही, म्हणून ती चाकं आवळून ठेवते. पोर आणखी जोर लावते, लाल होते, मग खाली बसून भोकाड पसरते. काल आईने बघितलं, पुढे आली, आधी पायाने ब्रेक दाबला, मग बटण बंद केलं, एक हात दांड्यावर घट्ट ठेवला आणि ब्रेक सोडला. "हं, ढकल आता," म्हणाली. सपाट रस्त्यावर ती साडेचौदा किलोची गाडी इंचाइंचाने पुढे सरकायला लागली.